क्लास डी अ‍ॅम्प घेताय? आधी अडॅप्टर बघा

घरी गाणी ऐकायला क्लास डी अ‍ॅम्प (स्पीकर चालवणारा, कमी तापणारा अ‍ॅम्प्लिफायर) कुठला घेऊ असं ओळखीतले बरेच जण विचारत असतात, प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतोय. जे अ‍ॅम्प माझ्या किंवा जवळच्या मित्रांच्या घरी निवांत ऐकायला मिळाले तेवढ्यांबद्दलच लिहिणार, म्हणजे छोटा फोसी बीटी२०ए, फोसी व्ही३, आयीमा ए०७, एसएमएसएल एओ२००, विम अ‍ॅम्प आणि एका मित्राने हायपेक्स कंपनीचं एनकोर मॉड्यूल (अ‍ॅम्पचा तयार बोर्ड) घालून बनवून घेतलेला. जोडीला तुलनेसाठी घरचा जुना, नेहमीच्या पद्धतीचा क्लास एबी अ‍ॅम्प होताच. स्पीकर माझे ६ ओहमचे बुकशेल्फ, साडेसहा इंची वूफर, सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल, म्हणजे आपल्याकडे बहुतेक घरांत असतात तसेच.

मत आधीच सांगून टाकतो. आज चांगल्या क्लास डी अ‍ॅम्पमधे चिपच्या नावावरून भांडण्यात काही राहिलेलं नाही. फरक पडतो तो दोन गोष्टींनी, एक त्याला वीज पुरवणारा अडॅप्टर किती दमाचा आहे आणि दुसरं आउटपुटच्या फिल्टरचं तुमच्या स्पीकरशी किती जमतं. बाकी सगळं ह्याच्या खालोखाल.

ज्यांना आतलं काम माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुन्या क्लास एबी अ‍ॅम्पमधे ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहून काम करतो आणि जी वीज स्पीकरला जात नाही ती उष्णता होऊन हीटसिंकमधून निघते. पंख्याचा जुना डबा रेग्युलेटर आठवत असेल, एकवर ठेवला की हात लावला तर चटका बसायचा, आणि आताचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर गार असतो कारण तो वीज अडवून जाळत नाही, तुकडे पाडून सोडतो. क्लास डी तेच करतो पण फार वेगात. येणारा सिग्नल एका वेगवान त्रिकोणी लहरीशी ताडून बघायचा आणि त्याप्रमाणे मॉसफेट (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) एक तर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, सेकंदाला चार-सहा लाख वेळा, चालू राहायचा वेळ कमीजास्त होत जातो आणि त्यातच आवाजाचा आकार असतो, मग शेवटी कॉइल आणि कॅपॅसिटरचा फिल्टर ती वेगवान चालूबंद गाळून टाकतो आणि स्पीकरला फक्त गाणं जातं. म्हणून हे अ‍ॅम्प ९० टक्क्यांच्या आसपास एफिशियन्सी देतात. क्लास बी-एबीची कागदावरची कमाल मर्यादाच ७८.५ टक्के आहे आणि घरच्या हळू आवाजात ते त्याच्या कितीतरी खाली असतात.

कल्पना अजिबात नवीन नाही. इंग्लंडमधे सिंक्लेअरने १९६४ मधेच एक्स-१० नावाचा क्लास डी किट विकायला काढला होता, पण तेव्हाचे ट्रान्झिस्टर ह्या वेगाला पुरे पडत नव्हते. नंतर १९९५ मधे आद्या त्रिपाठी ह्यांनी अमेरिकेत ट्रायपाथ कंपनी काढली, त्यांच्या छोट्या चिपवरचे स्वस्त टी-अ‍ॅम्प २००० नंतर एवढे गाजले की महागड्या अ‍ॅम्पवाल्यांनाही दखल घ्यावी लागली, पण कंपनी २००७ मधे बुडाली. दुसरीकडे ब्रूनो पुटझेइस ह्या बेल्जियन इंजिनियरने फिलिप्समधे यूसीडी सर्किट केलं, मग हायपेक्समधे एनकोर, आणि २०१९ ला प्युरिफायचं आयगेनटाक्ट मॉड्यूल बाजारात आलं तेव्हा डिस्टॉर्शन (मूळ आवाज बिघडणं) इतकं खाली गेलं होतं की कानाला त्याच्याशी काही देणंघेणं उरलं नाही. हे सांगायचं कारण एवढंच की क्लास डी म्हणजे कोरडा, कर्कश आवाज असं जे काही जण अजूनही ठासून सांगतात त्यांनी ऐकलेले अ‍ॅम्प बहुतेक वीस वर्षांपूर्वीचे असतात.

आता वॉट. इथे सगळ्यात जास्त फसगत होते म्हणून जरा थांबून लिहितो.

खोक्यावर ३०० वॉट अधिक ३०० वॉट लिहिलेलं असतं. टीपीए ३२५५ ही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप, तिच्या डेटाशीटमधे ४ ओहमला दर चॅनेल ३१५ वॉट हा आकडा आहे, पण तो १० टक्के डिस्टॉर्शनला, म्हणजे आवाज फाटल्यावरचा, आणि तोही ५१-५३ व्होल्टचा भक्कम पुरवठा दिला तर. तुमच्या हातात जो अडॅप्टर येतो तो ३२ व्होल्ट ५ अँपियरचा असेल तर ३२ गुणिले ५ म्हणजे १६० वॉट, दोन्ही चॅनेल मिळून, नुकसान धरायच्या आधी. जे आत येतच नाही ते बाहेर कुठून येणार.

घरच्या घरी हिशोब करायचा तर सोपं सूत्र आहे. ह्या अ‍ॅम्पचं आउटपुट ब्रिज असतं (स्पीकरच्या दोन्ही तारांवर उलटसुलट सिग्नल), त्यामुळे अडॅप्टरच्या व्होल्टेजचा वर्ग करा आणि स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागा, स्वच्छ आवाजाची वरची मर्यादा साधारण कळते, प्रत्यक्षात त्याहून थोडी कमीच मिळते. ८ ओहमच्या स्पीकरला २४ व्होल्टवर ३६ वॉट, ३२ व्होल्टवर ६४, ४८ व्होल्टवर १४४. स्पीकर ४ ओहमचा असेल तर आकडा दुप्पट, पण तेव्हा अँपियर आडवे येतात. ३२ व्होल्टवर ४ ओहमला सूत्र म्हणतं दर चॅनेल १२८, दोन्ही मिळून २५६, आणि अडॅप्टर आहे १६० चा. गाण्यातले जोराचे ठोके क्षणभराचेच असतात, तेवढं आतले मोठे कॅपॅसिटर सांभाळून घेतात हे खरं, पण सलग बेस असलेलं काही लावलंत की अडॅप्टर दमतो, काही अडॅप्टर तर सरळ कट मारतात आणि दोन सेकंदांनी परत चालू होतात.

मग लागतं किती? ८७ डेसिबलचा स्पीकर म्हणजे एक वॉटला एक मीटरवर ८७ डेसिबल. वॉट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, दहापट केले की १०. हॉलमधे नीट मोठ्या आवाजात ऐकायचं म्हणजे बसल्या जागी सरासरी ७५ डेसिबल धरा, रेकॉर्डिंग चांगलं असेल तर ठोके त्याच्या २० वर जातात म्हणजे ९५, अंतरामुळे पडणारा आवाज भरून काढायला आणखी चार-पाच, म्हणजे स्पीकरजवळ १०० डेसिबल. ८७ वरून १०० ला जायला १३ डेसिबल लागतात, म्हणजे वीस वॉट. फक्त वीस, आणि तेही क्षणभर, बाकी वेळ एका वॉटच्या आतबाहेर. दहा बाय बाराच्या खोलीत खरे तीस वॉट मिळाले तर भरपूर झाले. स्पीकर ८३-८४ डेसिबलचे असतील किंवा हॉल मोठा असेल तर मात्र हाच आकडा भराभर वाढतो, तीन डेसिबल सेन्सिटिव्हिटी कमी म्हणजे दुप्पट वॉट, म्हणून अ‍ॅम्प बघायच्या आधी स्पीकरचा कागद बघा.

आता एकेक घेतो.

फोसी बीटी२०ए. आत टीपीए ३११६ चिप, व्होल्टेज २४ पर्यंत, ब्लूटूथ आहे, व्हॉल्यूम बेस ट्रेबलची तीन बटणं, आणि आकार एवढासा की पुस्तकांच्या कपाटात एका कोपऱ्यात मावतो. वर केलेला हिशोब बघा, ८ ओहमला तीसेक वॉट खरे. बेडरूम, अभ्यासाची खोली, टीव्हीच्या बाजूला जुने बुकशेल्फ पडून आहेत त्यांना परत वापरात आणायचंय, ह्या सगळ्यासाठी मी बिनधास्त हाच सुचवतो. गाणारा गळा, संवादिनी, बासरी छान लागतात. ढोलकी किंवा पखवाज जोरात लावला की २४ व्होल्टची मर्यादा समजते, थाप बसते पण तिच्यामागचा भार कमी वाटतो. ३११६ वर्गातल्या अ‍ॅम्पबद्दल एक सर्वसाधारण गोष्ट लक्षात ठेवा, गाणं बंद असताना ट्विटरला कान लावला तर बारीक सळसळ ऐकू येते, ८७ च्या स्पीकरला दोन हातांवरून काही कळत नाही पण हॉर्नवाले ९५ डेसिबलचे स्पीकर असतील तर रात्री शांततेत जाणवेल.

फोसी व्ही३. ह्याच्यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि माझ्या घरी सध्या हाच लागलेला आहे. टीपीए ३२५५, धातूचा भक्कम डबा, आरसीएचं एकच इनपुट, ब्लूटूथ नाही, रिमोट नाही. म्हणजे ज्याला टीव्ही, फोन, रेकॉर्ड प्लेयर सगळं जोडायचंय त्याने ह्याच्या आधी डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅम्पला चालणारा सिग्नल करणारा डबा) किंवा प्रीअ‍ॅम्प (इनपुट निवडून आवाज कमीजास्त करणारा डबा) ठेवायची तयारी ठेवावी. २०२३ ला आला तेव्हापासून ३२ आणि ४८ व्होल्ट असे दोन अडॅप्टरचे पर्याय मिळतात आणि माझं सगळं म्हणणं ह्या दोन पर्यायांतच आहे. तोच डबा, तीच चिप, तेच स्पीकर, फक्त अडॅप्टर बदलून ऐकलं. संध्याकाळच्या नेहमीच्या आवाजात काही म्हणजे काही फरक नाही, कोणी आहे म्हणालं तर मी मान्य करणार नाही. पण आवाज वाढवला, विशेषतः तबल्याचा डग्गा, त्या घुमणाऱ्या मींडेच्या वेळी, ३२ वर तो घुमारा वरच्या टोकाला जरा चेपल्यासारखा होतो आणि ४८ वर मोकळा सुटतो. चिप बदलून, ऑपअ‍ॅम्प (आतली सिग्नल हाताळणारी छोटी चिप) बदलून हा फरक मिळत नाही. आतले एनई ५५३२ ऑपअ‍ॅम्प सॉकेटवर असतात त्यामुळे लोक हजार-दोन हजारांचे ऑपअ‍ॅम्प आणून बसवत बसतात, हौस म्हणून करा पण तेच पैसे ४८ व्होल्टच्या अडॅप्टरला लावलेत तर कानाला काहीतरी परत मिळेल.

अडॅप्टर वेगळा घेताना अ‍ॅम्पच्या मागे छापलेली व्होल्टेजची मर्यादा वाचल्याशिवाय घेऊ नका, पिनचा आकार आणि मधलं टोक प्लस आहे का तेही बघा. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा जुना अडॅप्टर बऱ्याच अ‍ॅम्पला चालतो, ८ ओहमला वीस-बावीस वॉट मिळतात, सुरुवात म्हणून काही वाईट नाही. उलटं मात्र करू नका, २४ च्या अ‍ॅम्पला ३२ लावला की कथा संपली.

आता फिल्टरची गोष्ट, कारण व्ही३ आणि त्याच्या वर्गातल्या साध्या ३२५५ अ‍ॅम्पची खरी उणीव तिथे आहे. ह्यांच्यात चिप स्वतःच्या चुका दुरुस्त करायला फीडबॅक (बाहेर गेलेल्या सिग्नलची परत तपासणी) घेते तो फिल्टरच्या आधी. म्हणजे कॉइल-कॅपॅसिटरच्या पुढे काय होतंय त्यावर तिचं नियंत्रण नाही. फिल्टर एका ठराविक ओहमसाठी बनवलेला असतो, स्पीकरचा इंपीडन्स (म्हणजे ओहम) त्याहून जास्त असेल तर अगदी वरचे सूर थोडे उचलले जातात, कमी असेल तर थोडे खाली बसतात. २० किलोहर्ट्झच्या टोकाला एखाद-दोन डेसिबलची गोष्ट आहे, चाळिशीनंतर तिथलं तसंही फारसं ऐकू येत नाही, पण तानपुऱ्याची जवारी किंवा झांजेची किनार लावून बघितलीत तर काही स्पीकरवर आवाज किंचित जास्त उजळ वाटतो आणि लोक त्यालाच क्लास डीचा गुण नाहीतर दोष समजून बसतात. खरं तर तो तुमच्या स्पीकरचा आणि फिल्टरचा आपसातला मामला आहे, दुसऱ्या स्पीकरवर तोच अ‍ॅम्प वेगळा लागेल. म्हणून एकाच अ‍ॅम्पबद्दल दोन प्रामाणिक माणसं अगदी उलट मतं देतात आणि दोघांचंही बरोबर असतं.

ह्याच्यावरचा उपाय म्हणजे फीडबॅक फिल्टरच्या पुढून घ्यायचा. फोसीच्या व्ही३ मोनोमधे तो आहे, बॅलन्स्ड इनपुटही (तीन तारांची, खरखर कमी पकडणारी जोडणी) आहे, पण त्याला व्हॉल्यूमचं बटणच नाही, दोन घ्यावे लागतात आणि पुढे व्हॉल्यूम असलेला डॅक किंवा प्रीअ‍ॅम्प लागतो. ज्यांच्याकडे आधीच चांगला डॅक आहे आणि टॉवर स्पीकर आहेत त्यांनी सरळ मोनोच्या जोडीकडे जावं असं माझं स्पष्ट मत आहे, व्ही३ घेऊन मग वर्षभरात बदलण्यात अर्थ नाही.

आयीमा ए०७ बद्दल फार लिहायला नाही. तीच ३२५५, तसाच एनई ५५३२, सारख्या अडॅप्टरवर सारखा आवाज. आवाज जुळवून डोळे मिटून ऐकलं तर ए०७ आणि व्ही३ मला वेगळे ओळखता आले नाहीत. ज्याच्यासोबत दमदार अडॅप्टर त्या दिवशी स्वस्त मिळतोय तो घ्या.

आवाज जुळवून म्हणालो ते महत्त्वाचं आहे. दोन अ‍ॅम्पची तुलना करताना अर्धा डेसिबल जरी एकाचा जास्त असला तरी तोच छान वाटतो, कानाचा स्वभावच तो. १०० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलला लावा आणि दोन्ही अ‍ॅम्पवर आकडा सारखा आणा. टोन १०० हर्ट्झचाच घ्या कारण साधे मल्टिमीटर वरच्या फ्रीक्वेन्सीला चुकीचं दाखवतात. हे केल्याशिवाय केलेली कुठलीही तुलना, कितीही सुंदर शब्दांत लिहिलेली असली तरी, मी धरत नाही.

एसएमएसएल एओ२०० जरा वेगळ्या वाटेचा आहे. त्यात इन्फिनिऑनची एमए १२०७० चिप आहे, ती एका झटक्यात पूर्ण चालू-पूर्ण बंद न करता मधल्या पायऱ्यांनी स्विच करते, त्यामुळे गाणं नसताना वीज फारच कमी खाते आणि डबा गारच्या गार. पॉवर सप्लाय आतच, बॅलन्स्ड एक्सएलआर इनपुट, ब्लूटूथ, रिमोट. वॉट ३२५५ च्या मानाने कमी, कारण चिपच २६ व्होल्टपर्यंतची. टेबलावर किंवा लहान खोलीत डॅकसोबत वापरणाऱ्याला हा फार नीटनेटका पडतो, लोंबकळणारा अडॅप्टर नाही हेच घरातल्यांना आवडतं. मोठ्या हॉलला मी नाही घेणार.

विम अ‍ॅम्प हा आतापर्यंतच्यांत सगळ्यात महाग पडेल पण घरात एकट्या तुमच्यासाठी नाही तर सगळ्यांसाठी काही घ्यायचं असेल तर ह्याच्यासारखं दुसरं नाही. ३२५५ च, पॉवर सप्लाय आत, कंपनी ८ ओहमला ६० आणि ४ ओहमला १२० वॉट म्हणते, आणि मला हे फार आवडलं की ३०० वगैरे फुगवलेला आकडा त्यांनी लावलेला नाही. वायफायवर गाणी, एचडीएमआय एआरसी असल्यामुळे टीव्हीच्या रिमोटनेच आवाज कमीजास्त, सबवूफरसाठी वेगळं आउटपुट आणि त्याची क्रॉसओव्हर फ्रीक्वेन्सी (कुठल्या सुराखालचा आवाज सबवूफरला द्यायचा ती) अ‍ॅपमधून ठरवता येते. आईबाबांना एकदा लावून दिलं की टीव्ही चालू केला की आवाज स्पीकरमधून येतो, त्यांना वेगळं काही करावं लागत नाही. आणि ह्यातलं रूम करेक्शन. आपल्या हॉलमधे खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, समोर काच, कोपऱ्यात स्पीकर, बेस नुसता बदबद करत असतो, फोनच्या माइकने मोजून विम तो फुगलेला बेस खाली बसवतो आणि ह्याने जो फरक पडतो तो ह्या लेखातल्या कुठल्याही दोन अ‍ॅम्पमधल्या फरकापेक्षा मोठा आहे. हे मी पूर्ण विचार करून लिहितोय. फोनो इनपुट नाही हे लक्षात ठेवा, रेकॉर्ड प्लेयरवाल्यांना फोनो प्रीअ‍ॅम्प वेगळा लागेल. त्यांचाच पुढचा अ‍ॅम्प प्रो आहे, त्यात फिल्टरपुढचा फीडबॅक आहे.

हायपेक्सवाला मित्राच्या घरी त्याच्या ४ ओहमच्या टॉवरवर ऐकला आणि मग विनंती करून माझ्या घरी आणला. टॉवरवर आवाज चढवला तेव्हा हा आणि ३२ व्होल्टचा ३२५५ ह्यांच्यात सरळ फरक होता, खर्ज घट्ट, आणि कितीही वाढवा आवाजाचा पोत बदलत नाही, ऑर्केस्ट्रा जिथे एकदम उसळतो तिथे हा निवांत असतो. कारणं दोन, फीडबॅक फिल्टरच्या पुढून घेतलेला त्यामुळे स्पीकर कुठलाही असो वागणं सारखं, आणि पॉवर सप्लाय भरभक्कम. माझ्या बुकशेल्फवर रात्रीच्या आवाजात मात्र व्ही३ आणि ह्यात मला ठामपणे काही सांगता आलं नाही. किंमतीत कितीतरी पटींचा फरक आहे. अवघड स्पीकर असतील, मोठी जागा असेल, जोरात ऐकायची आवड असेल तर पैसे वसूल, नाहीतर तेच पैसे स्पीकरला लावा. एनएडीचे सी २९८ आणि एम३३ प्युरिफायच्या तंत्रावर आहेत, तिथली किंमत आणखी पुढची.

जुन्या क्लास एबीचं काय? चांगला चालतोय तर ठेवा, मी माझा विकलेला नाही. बिल वाचेल म्हणून बदलू नका, नुसता चालू असताना तो तीस-चाळीस वॉट खातो आणि क्लास डी दहाच्या आत, रोज पाच तास ऐकलं तरी महिन्याला चार-पाच युनिटचा फरक. पण एप्रिल-मेमधे बंद कपाटात ठेवायचा असेल, नागपूर-अकोल्याकडे तर विशेषच, तिथे क्लास डी खरंच सुखाचा. इन्व्हर्टरवर चालवायलाही हाच बरा.

पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला सुटे बोर्ड मिळतात त्याबद्दलही विचारणा होते. आपल्याकडे ४४४० ह्या जुन्या अ‍ॅम्प आयसीचे बोर्ड जोडून अ‍ॅम्प असेंबल करणारी एक अख्खी पिढी आहे, मी स्वतः तिथूनच शिकलो आणि त्या दुकानदारांबद्दल मला मनापासून आदर आहे. ३११६ चा बोर्ड आणून डब्यात घालणं तसं सोपं आणि शिकायला फार चांगलं, पण बोर्डावरचे मोठे कॅपॅसिटर किती व्होल्टचे आहेत ते वाचा. मी आणलेल्या एका बिननावाच्या बोर्डावर २५ व्होल्टचे होते आणि विकणारा सांगत होता २४ चा अडॅप्टर लावा. ३५ चे बदलून घेतले आणि बोर्ड आजही छान चालतोय.

आणि असेंबल करणाऱ्यांनी ही एक गोष्ट कृपा करून पाठ करा. ४४४० च्या बोर्डाला नेहमीच्या स्टीरिओ जोडणीत दोन्ही स्पीकरचे मायनस एकत्र करून ग्राउंडला टाकायची सवय असते, ब्रिज आउटपुटच्या क्लास डीत ते अजिबात चालत नाही. इथे काळं टर्मिनल ग्राउंड नसतं, त्याच्यावरही तेवढाच सिग्नल असतो. दोन मायनस एकमेकांना जोडले किंवा डब्याला टेकवले तर चिप जाऊ शकते. हायलेव्हल इनपुटचा (स्पीकरच्या टर्मिनलवरून सिग्नल घेणारा) सबवूफर जोडतानाही हेच, मॅन्युअलमधे ब्रिज अ‍ॅम्पसाठी वेगळी जोडणी दिली आहे का बघा, नसेल तर प्रीआउट किंवा सब आउट असलेलाच अ‍ॅम्प घ्या.

हम येत असेल तर लगेच अ‍ॅम्पला नावं ठेवू नका. तीन पिनचा लॅपटॉप आणि केबलवाल्याची वायर लावलेला टीव्ही एकाच वेळी जोडले की ग्राउंड लूप (दोन वाटांनी जोडलेलं अर्थिंग) तयार होतो, एकेक केबल काढून बघा कोण करतंय ते, टीव्ही ऑप्टिकलने जोडला की बहुतेक वेळा मिटतं. जिथे न्यूट्रल तुटून व्होल्टेज चढायची सवय आहे तिथे चांगला सर्ज प्रोटेक्टर हवाच, कारण एसएमपीएस (ह्या अ‍ॅम्पचा अडॅप्टर किंवा आतला पॉवर सप्लाय) साधारण २४० व्होल्टपर्यंत आनंदाने चालतो, ३०० च्या वर नाही.

घरात कोणी मीडियम वेव्हवर रेडिओ ऐकत असेल तर हे वाचा. ३२५५ वाले अ‍ॅम्प साधारण साडेचारशे ते सहाशे किलोहर्ट्झच्या दरम्यान स्विच करतात आणि मुंबईची अस्मिता वाहिनी आहे ५५८ वर, बरोबर त्याच पट्ट्यात. रेडिओ अ‍ॅम्पशेजारी ठेवलात तर खरखर येऊ शकते, पुण्याच्या ७९२ ला त्रास कमी व्हायला हवा. स्पीकरच्या वायरी अँटेनासारखं काम करतात म्हणून त्या गरजेपुरत्याच लांब ठेवा, दोन्ही तारांना पीळ द्या, रेडिओ पाच-सहा फूट लांब वेगळ्या बोर्डावर लावा आणि त्याचं तोंड फिरवून बघा, कारण मीडियम वेव्हची अँटेना रेडिओच्या आतली फेराइटची कांडी असते आणि एका ठराविक दिशेला खरखर एकदम खाली जाते.